ब्रेक एका दिवसात फेल होत नाही

(अमरावती-अकोला जिल्ह्यांच्या संयुक्त बैठकीतील भाषणावरून)



कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय वाचून मंडपात काही जण हसले, ते आम्ही पाहिले. कापसाच्या भावाचं सोडून हे ब्रेकचं काय काढलं, असे कोणी म्हणालेही. त्यांचे चुकले नाही. आमची पदवी शेतकीची. कपाशीच्या अन्नद्रव्यांवर बोला म्हटले असते तर तासभर बोललो असतो आणि कोणी हसले नसते. पण दोन हंगामांपूर्वी आमच्या हातून जे घडले, ते तुमच्यापुढे मांडल्याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे आम्हाला वाटते. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

आपला कापूस आता बंडीतून जात नाही. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा खरेदी केंद्रांपुढे लागणाऱ्या बंड्यांच्या रांगा इथल्या म्हाताऱ्यांनी पाहिल्या आहेत. बंडीखालीच रात्री काढल्या आहेत. त्या बंडीचा ब्रेक म्हणजे बैलाची मान. उतार आला की बैल जू मानेवर घ्यायचा आणि मागे रेटायचा. बैल थकला की दिसत होते. तोंडाला फेस यायचा, मागचे पाय लटपटायचे, आणि धनी खाली उतरून चाकाला हात लावायचा. गाडीचा ब्रेक थकला की तोही दाखवतो. फक्त ते वाचायला आपल्याला कोणी शिकवले नाही आणि आपणही शिकलो नाही.

आपल्याकडे येणारी पिकअपही नवी नसते. टाटा २०७ असो, मॅक्स असो, जुनी बोलेरो असो की छोटा हत्ती असो, शहरात दहा वर्षे राबून झाली की ती वऱ्हाडात येते आणि इथे आणखी दहा वर्षे राबते. आठ वर्षांवरच्या मालगाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे खरे. पण प्रमाणपत्र वर्षातून एकदा लागते आणि ब्रेक दिवसातून दोनशे वेळा.

आता आमची हकिकत.

आमच्या गटाची एक पिकअप आहे. पंधरा-सोळा वर्षांची. बारा-तेरा घरांचा कापूस ती जिनिंगला नेते आणि येताना खत-बियाणे आणते. ते वर्ष दुसऱ्या वेचणीचे, डिसेंबरचे दिवस. ड्रायव्हर येऊन म्हणाला, "भाऊ, डबीतलं ब्रेक ऑईल कमी होऊन रायलं." आम्ही म्हटले, टाक थोडे. त्याच्याजवळ ब्रेक ऑईल नव्हते. गोदामात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा डबा होता. तो आम्ही आमच्या हाताने त्याला दिला. ऑईल ते ऑईल! आठ दिवसांनी तो पुन्हा आला. "भाऊ, मागचं चाक धरून रायलं, हात लावला तर पोळते." आम्ही म्हटले, रविवारी पाहू. मग तिसऱ्यांदा म्हणाला, "पायडल दोनदा मारा लागते." त्या दिवशी भाव शंभर रुपयांनी चढला होता. आम्ही म्हटले, "आजचा कापूस पोचू दे, मग मिस्त्रीकडे ने."

गाडीत पंचवीस क्विंटल कापूस, वर वेचणीच्या दोन बाया आणि एक पोरगा. पूर्णेच्या पुलाकडे उतार लागतो तिथे समोर गुरे आडवी आली. त्याने पाय मारला तो पायडल खाली पाटीला टेकला. दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला, काही नाही. पोरगा हुशार म्हणून गाडी चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात घातली, बाभळीच्या कुंपणाला घासत नेली आणि नांगरलेल्या वावरात घुसवली. काळ्या मातीने चाके धरली. एक बाई वरून पडली आणि तिचे उजवे मनगट मोडले. वेचणीची मजुरी किलोवर असते हे तुम्हाला सांगायला नको. ऐन हंगामात दोन महिने तिचा हात गळ्यात होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मागचे डावे चाक खोलले. आतली बाजू ओली, लायनर ऑईलने भिजून काळे पडलेले. तो म्हणाला, "हे ओल आजची नव्हे भाऊ, महिनाभराची आहे." मग मास्टर सिलेंडर खोलला. आतले रबरी वायसर फुगून मेणासारखे मऊ झालेले. एकाची कड फाटलेली. ब्रेकचे ऑईल वेगळ्या जातीचे असते. त्यात खनिज तेल पडले की ते रबर फुगते. तणनाशक मारलेला पंप न धुता कपाशीवर फिरवला की पाने पंज्यासारखी आवळतात, ते आपण शेकडो वावरांत पाहिले आहे आणि त्याबद्दल दुसऱ्यांना उपदेश केला आहे. तीच चूक आम्ही डब्याच्या बाबतीत केली. गावात गोष्ट पसरली ती "ब्रेक अचानक फेल झाला" अशी. अचानक काही झाले नव्हते. गाडीने तीनदा सांगितले होते.

पायडल काय सांगतो

कपाशी लाल पडली की आपल्यातला एखादा दुकानात जातो आणि दुकानदार देईल ते मारतो. लाल्या मॅग्नेशियमच्या कमतरतेने येतो, नत्र कमी पडल्याने येतो, पाणी साचून येतो, रात्रीची थंडी वाढल्यानेही येतो. कारण न पाहता औषध मारले तर पैसा जातो. ब्रेकचेही असेच आहे. ब्रेक लागत नाही म्हटले की डबीत ऑईल टाकायचे, हे एकच औषध आपल्याला माहीत. आधी लक्षण पाहा. आणि त्यासाठी मिस्त्री लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून आपला पाय पुरतो.

सकाळी इंजिन सुरू करून पायडल दाबा आणि मिनिटभर तसाच दाबून धरा. जागेवर राहिला तर ठीक. पाय न हलवता तो हळूहळू खाली बसत गेला, तर दाब कुठेतरी निसटतो आहे. गाडीखाली वाका, चारही चाकांची आतली बाजू पाहा, लोखंडी नळ्या पाहा, रबरी होज पाहा. कुठे ओल दिसली तर चोर सापडला. कुठेच ओल नाही, डबीतले ऑईलही तेवढेच, आणि तरी पायडल बसतो? मग मास्टर सिलेंडरचे वायसर गेले. ऑईल बाहेर येत नाही, आतल्या आत मागे पळते. हा रोग सगळ्यात फसवा, कारण जोरात पाय मारला तर ब्रेक लागतो आणि हळू दाबला तर बसतो. ड्रायव्हर म्हणतो कधी लागते कधी नाही, आणि मालक म्हणतो तुला चालवता येत नाही.

पायडल पहिल्यांदा खोल जातो आणि लगेच दुसऱ्यांदा मारला की वर येऊन टणक लागतो, तेव्हा बहुधा मागचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. ते जवळ घ्यावे लागतात. जुन्या गाड्यांत ही जुळवणी हातानेच करायची असते आणि आपोआप होणारी यंत्रणा असली तरी मातीने जाम झालेली असते. पण पायडल टणक न लागता स्पंजासारखा लागला, दाबत गेले की लिबलिबीत, तर पाइपात हवा आहे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. तुमच्या पायाची ताकद चाकापर्यंत न जाता त्या हवेच्या बुडबुड्यात मुरते.

हवा काढणे अवघड नाही, दोन माणसे लागतात. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचे चाक आधी. म्हणजे बहुतेक गाड्यांत मागचे डावे. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑईलमध्ये बुडवा. एकाने पायडल दाबून धरायचा, दुसऱ्याने निपल सैल करायचे, बुडबुडे निघाले की निपल आवळायचे आणि मगच पाय सोडायचा. पाय आधी सोडला तर जेवढी हवा काढली तेवढी परत आत. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. बाटलीत पडलेले ऑईल पुन्हा डबीत ओतू नका. आमच्याकडे काटकसर म्हणून तेही झाले आहे. हवा काढल्यावर आठ दिवसांत पुन्हा स्पंज लागला तर हवा कुठून शिरते ते शोधावे लागेल. नुसती काढत बसणे म्हणजे फुटक्या बांधातून पाणी उपसणे.

एक खूण आणखी सांगतो. आता बहुतेक गाड्यांच्या मास्टर सिलेंडरला दोन खाने असतात. एका बाजूची नळी फुटली तरी दुसरी काम करते. तेव्हा पायडल एकदम खोल जातो, पण तळाशी थोडा जोर राहतो आणि गाडी उशिरा का होईना थांबते. बरेच ड्रायव्हर तशीच चालवत राहतात, कारण "थांबते तर!" अर्धा ब्रेक गेलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यावर पूर्ण भार पडतो. आमच्या गाडीलाही दोन खाने होते. दोन्हींचे रबर आम्ही एकाच डब्याने नासवले होते.

पायडल दगडासारखा झाला तर

खोल जाणाऱ्या पायडलची भीती सगळ्यांना वाटते. कडक पायडलची वाटत नाही. पाय खाली जात नाही म्हणजे ब्रेक मजबूत, अशी एक समजूत आहे. उलटे आहे. आपल्या पायाच्या ताकदीला बूस्टर मदत करतो आणि बूस्टर चालतो तो पोकळीच्या ओढीवर. ही ओढ तयार करणारा पंप जुन्या डिझेल पिकअपमध्ये बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो आणि त्याला इंजिनातले ऑईल बारीक नळीने मिळते. म्हणजे अल्टरनेटरचा पट्टा ढिला पडला की दोन गोष्टी बरोबर होतात: बॅटरी चार्ज होत नाही आणि ब्रेक कडक होतो. आपण बॅटरीवाल्याकडे जातो.

तपासायचे कसे? इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा मारा, म्हणजे साठलेली ओढ संपते. आता पायडल दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. बूस्टर चांगला असेल तर पायाखाली पायडल थोडा खाली सरकलेला कळतो. काहीच हालचाल झाली नाही, तर पंपापासून बूस्टरपर्यंतची रबरी नळी, तिचे जोड, आतला व्हॉल्व्ह, आणि मग बूस्टर, या क्रमाने पाहा. पुष्कळदा नळीच चिरलेली असते. ती पाहायच्या आधीच बूस्टर बदलून घेतलेले लोक आम्हाला माहीत आहेत.

याच्याशीच जोडलेली एक खोड आहे आणि ती या मंडपातल्या किमान निम्म्या ड्रायव्हरांना आहे. उतार लागला की न्यूट्रल करायचे, काही तर चावीच बंद करायचे. डिझेल वाचते! पातूरच्या घाटात, परतवाड्याहून मेळघाटात जाणाऱ्या रस्त्यांवर हे रोज चालते. इंजिन बंद झाले की पंप बंद. साठलेल्या ओढीवर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, चौथ्यांदा पायडल दगड होतो. ब्रेक फेल झाला नाही. तुम्हीच त्याचा मदतनीस घरी पाठवला. शिवाय चावी पूर्ण फिरवून काढली तर स्टिअरिंगही कुलूप होऊ शकते. वाचलेल्या डिझेलचा हिशेब करून पाहा, चहाचे पैसे निघतात.

पंचवीस लिटर पाणी

घाटाचे गणित आम्ही कागदावर मांडून आणले आहे, कारण ते ऐकून आमचाच विश्वास बसला नव्हता. गाडी आणि माल मिळून चार टन. उतार असा की गाडी उंचीने दोनशे मीटर खाली येते. एवढे वजन एवढे खाली आणताना जी ऊर्जा निघते, ती सगळी उष्णता झाली तर तिच्यात पंचवीस लिटरच्या आसपास पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. आंघोळीच्या पाण्याचा मोठा हंडा! यातली काही वाऱ्यात, चाकांच्या घर्षणात जाते. बाकीची कुठे जाणार? गाडी गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खाते. न्यूट्रलमध्ये असेल तर सगळी ड्रमात आणि डिस्कमध्ये. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच आहे. तिथून खाली परतवाड्यापर्यंत येताना किती हंडे उकळतील ते तुम्हीच मोजा.

ड्रम तापले की लायनरची पकड कमी होते. पायडल टणक, जागेवर, आणि गाडी थांबत नाही. जळका वास येतो. त्याच्याही पुढे गेले तर आतले ऑईल उकळते. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेते. हा त्याचा गुण म्हणा, दोष म्हणा. डॉट ३ जातीचे नवे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असे मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तेच १४० अंशांवर उकळले तरी मानकात बसते. उकळले की वाफ, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवेसारखाच स्पंज. पायडल तळाला जातो. अर्धा तास गाडी उभी राहिली की वाफेचे परत ऑईल होते, पायडल वर येतो, आणि मिस्त्री म्हणतो, "काही बिघाड नाही." ड्रायव्हर खोटा ठरतो. म्हणून ऑईल कमी झाले नाही तरी दोन वर्षांनी सगळे बदलावे. नवा सीलबंद डबा घ्यावा. मागच्या वर्षीचा अर्धा उरलेला, बूच ढिले झालेला डबा वापरू नये. एका फवारणीला जो खर्च येतो त्याहून हा खर्च कमी आहे.

आणि घाट उतरायचा तो ज्या गिअरमध्ये चढला असता त्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय ठेवून घसरत जायचे नाही. दाबायचे, वेग कमी करायचा, सोडायचे, ड्रमाला श्वास घेऊ द्यायचा. खाली पोचल्यावर तापलेल्या ड्रमावर पाणी मारणारे बहाद्दर आहेत. ओतीव लोखंड तडकते. झाडाखाली उभे राहा, बिडी ओढायची असेल तर कापसापासून लांब ओढा.

कापसावरून आठवले. चाक धरून राहते, म्हणजे पाय सोडला तरी ब्रेक सुटत नाही, हे नुसते डिझेल जास्त खाण्याचे दुखणे नाही. होज आतून फुगून बंद होतो, व्हील सिलेंडर गंजून अडकतो, हॅण्डब्रेकची केबल चिखलाने जाम होते, पायडलला मोकळा खेळ राहत नाही, कारणे बरीच. पण धरलेले चाक वीस-पंचवीस किलोमीटर तसेच चालले तर ड्रम टायरला धूर आणण्याइतका तापू शकतो. वर मोकळा कापूस. दर दहा-पंधरा किलोमीटरवर उतरून प्रत्येक चाकाजवळ हाताची पाठ न्या; लावू नका, जवळ न्या. चारांतले एकच जास्त पोळत असेल तर तिथेच थांबा. याच्या उलट, एक चाक थंडगार आणि बाकीची कोमट, तर त्या थंड चाकाचा ब्रेक कामच करत नाही. गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते तीही याच गोष्टीची खूण. हवा, टायर पाहून झाले की ब्रेककडे या.

घासल्याचा आवाज येऊ लागला तर लायनर संपून रिबिटी ड्रमाला लागत आहेत. आवाजाची सवय होते, हे वाईट. ड्रम खोलल्यावर आतली भुकटी तोंडाने किंवा पंपाच्या हवेने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, तो फुप्फुसात बसतो. ओल्या फडक्याने पुसा. आणि पावसाळ्यात नाला ओलांडला की पुढच्या पन्नास पावलांत ब्रेक हलका दाबत चला, म्हणजे ड्रम कोरडे होतील.

जादा पाटे आणि जादा माल

आता जे सांगणार आहोत ते तुम्हाला आवडणार नाही. गाडी बसू नये म्हणून आपण कमानीत जादा पाटे टाकून घेतो. पंधरा क्विंटलच्या गाडीत पंचवीस क्विंटल भरायचे असतात. पुष्कळ पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला. माल भरला की गाडी मागून खाली बसते, दांडा हलतो, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा दाब वाढवून देतो. गाडी रिकामी असली की कमी देतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी फिरू नये. आपण जादा पाटे टाकले. माल दीडपट, पण गाडी खाली बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे. म्हणजे सगळ्यात जास्त भार असतो तेव्हाच मागचा ब्रेक कमी मिळतो. काही ठिकाणी तो दांडा तुटलेला असतो आणि सुतळीने बांधलेला आम्ही पाहिला आहे. पाटे टाकलेच असतील तर तो व्हॉल्व्ह जाणत्या मिस्त्रीकडून नव्याने जुळवून घ्या. जादा माल भरण्याला मात्र कोणताही व्हॉल्व्ह उपाय नाही.

वेगाचेही पाहा. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी केली, त्याचा जागतिक विक्रम झाला. चांगली गोष्ट आहे, खड्ड्यांनी कमरा मोडल्या होत्या. पण खड्ड्यांमुळे चाळीसने चालणारी तीच जुनी गाडी आता साठने चालते. धोका दिसल्यापासून पाय पायडलवर जायला एक सेकंद धरा, ब्रेक ठणठणीत धरा. चाळीसच्या वेगाला गाडी साधारण २३ मीटरमध्ये थांबते. साठला ४५ मीटर लागतात. वेग दीडपट, अंतर दुप्पट. त्यात तीन टनांच्या जागी चार टन असतील आणि ब्रेक आधीच पूर्ण जोर लावत असतील, तर ५४ मीटर. एक एकराच्या चौकोनी वावराची बाजू ६४ मीटर असते. एका धुऱ्यावर गाय दिसली तर गाडी दुसऱ्या धुऱ्याजवळ थांबणार.

ब्रेक खरेच गेला तर काय करायचे तेही सांगून ठेवतो. पायडल पटापट मारत राहा, दोन-चार वेळांत काही दाब येऊ शकतो. एकेक गिअर खाली घ्या. इंजिन बंद करू नका. हॅण्डब्रेक बटण दाबून हळूहळू ओढा, एकदम ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. हॉर्न चालू ठेवा. चढ दिसला तर चढाकडे, नाही तर नांगरलेल्या वावराकडे वळा. आपल्या काळ्या मातीएवढा मोठा ब्रेक दुसरा नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

वर बसलेली माणसे

हंगामात वेचणीच्या बाया पिकअपमधून वावरात जातात, येताना कापसावर बसून येतात. धारणी-चिखलदऱ्याकडून कोरकू मजुरांची कुटुंबे घाट उतरून खाली येतात तीही बहुतेक याच गाड्यांत, उभी, एकमेकांना धरून. ब्रेक कमजोर असेल तर माल सांडतो. माणसे असली तर काय होते ते वर्तमानपत्रात आपण वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले आहे की मालगाडीत नेलेला माणूस मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी नसेल, तर त्याच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. गाडीवरच्या कामगारांचे वेगळे. वेचणीची बाई यांतल्या कशात बसते? आमच्या वेळी तीच अडचण आली. विमा होता, हप्ता भरलेला होता, तिच्या उपयोगाचा नव्हता. दवाखान्याचा खर्च आणि दोन महिन्यांची मजुरी गटाने दिली. ती देताना आमच्यातल्या काहींनी कुरकुर केली, हेही सांगून टाकतो. ती बाई मात्र एवढेच म्हणाली, "ड्रायव्हर तर सांगत होता ना भाऊ तुमाले." तिने ते ऐकले होते. गाडीत माल चढवताना ड्रायव्हर आमच्याशी बोलत होता तेव्हा ती तिथेच उभी होती.

त्यानंतर आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आणि दोन हंगाम पाळल्या. ड्रायव्हरजवळ एक वही आहे. पायडल, डबीची पातळी, चाकांची आतली बाजू, हॅण्डब्रेक, हे दर सोमवारी पाहून तो लिहितो; जशी बोंडअळीची पाहणी आपण आठवड्याला करतो तशी. डबीवर ऑईलची पातळी दाखवणारी रेघ रंगवली आहे. डबीतले ऑईल कमी होणे हेच बिघाडाचे लक्षण मानतो; लायनर झिजले की थोडे उतरते, पण दोनदा टाकावे लागले तर गाडी उभी. गाडी उभी करण्याचा शेवटचा शब्द ड्रायव्हरचा, अध्यक्षाचा नाही. भाव चढलेला असला तरी. पहिल्या वर्षी तीन दिवस गाडी उभी राहिली, त्यात एकदा भाव खरेच उतरला आणि क्विंटलमागे नुकसान सोसावे लागले. ज्यांचा कापूस होता ते अजून आम्हाला ते ऐकवतात. माणसांना कापसावर बसवायचे नाही हे ठरवणे सोपे गेले, पाळणे नाही. संध्याकाळी वावरात दुसरी सोय नसते. त्यासाठी बाजूच्या गावची काळीपिवळी हंगामभर ठरवतो. खर्च वाढतो, तो वेचणीच्या हिशेबात धरतो. सगळ्या गटांना हे जमेल असे आमचे म्हणणे नाही. तुमच्याकडे याहून चांगली वाट असेल तर या बैठकीत सांगा, आम्ही लिहून घेऊ.

जेवणानंतर मंडपाच्या मागे या. आमची तीच गाडी उभी आहे, मागचे डावे चाक खोलून ठेवले आहे. फुगलेले वायसर एका बाटलीत आणले आहेत, ते हाताळून पाहा. ज्यांनी स्वतःच्या गाड्या आणल्या आहेत त्यांनी रांगेत लावाव्यात, मिस्त्री संध्याकाळी पाचपर्यंत थांबणार आहे. तिथे जागा थोडी उताराची आहे. चाकाला पुढून-मागून दगड लावल्याशिवाय कोणी गाडीखाली वाकू नये.